शीव ते मानखुर्द : शाळेबाहेरच्या विज्ञानाचा रस्ता

गेल्या वर्षी जूनमधली गोष्ट. आमच्या गोवंडीच्या चाळीत पाणी पहाटे येते आणि तासाभरात जाते, त्यामुळे प्रत्येक दाराशी एक निळे पिंप असते. पिंपातले पाणी बादलीत घ्यायचे तर रबरी नळीचे एक टोक पिंपात सोडायचे, दुसरे तोंडात धरून ओढायचे आणि पाणी ओठांशी आले की नळी झटकन बादलीत टाकायची. शेजारच्या घरात हे काम सहावीतल्या मुलीकडे आहे. एके दिवशी नळी हातात धरून तिने मला विचारले, "काका, पाणी आधी पिंपाच्या काठापर्यंत वर चढतं आणि मग खाली येतं. मोटर तर नाही. मग वर कोण चढवतं?"

मी म्हणालो, "याला वक्रनलिका म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाव नव्हतं विचारलं, काका."

मी तीस वर्षे छापखान्यांत मुद्रितशोधन केले. शब्द तपासण्यावर पोट भरले. नाव सांगितले की गोष्ट कळली, असे मानण्याची खोड त्यातूनच लागली असावी. त्या मुलीने ती नेमकी पकडली. संध्याकाळी तिची आई दाराशी आली. ती चेंबूरला चार घरी स्वयंपाक करते. म्हणाली, "भाऊ, ही दिवसभर असंच डोकं खाते. तुम्ही एवढं वाचता, हिच्यासाठी सायन्सचा एखादा क्लास असेल तर बघा ना."

मी बघायला लागलो. हल्ली या सगळ्याला 'स्टेम' म्हणतात : विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित यांची इंग्रजी आद्याक्षरे जोडून केलेला शब्द. या नावाचे खासगी वर्ग मुंबईत पुष्कळ आहेत. दादरच्या बाजूचा एक मी आत जाऊन पाहिला. काचेच्या दाराआड थंड खोली, टेबलांवर चाके लावलेली छोटी यंत्रे आणि त्यांच्याशी रंगून गेलेली मुले. शिकवणारा तरुण मन लावून शिकवत होता. वर्ग वाईट नव्हता. पण तीन महिन्यांची फी त्या मुलीच्या आईच्या दोन महिन्यांच्या कमाईहून अधिक होती आणि सगळे शिकवणे इंग्रजीत होते. माहितीपत्रक घडी करून खिशात ठेवले आणि शीवहून घरची बस धरली.

बस चुनाभट्टीजवळून जाताना 'विज्ञान भवन' ही अक्षरे दिसली. मराठी विज्ञान परिषदेची ही वास्तू. जिथून बस धरली त्या शीवच्या साधना विद्यालयात आकाश पाहणाऱ्यांचे 'खगोल मंडळ' वर्षानुवर्षे जमत आले आहे. आणि हीच बस पुढे चेंबूर ओलांडून, जिथे एकेकाळी आर. के. स्टुडिओ होता तिथून देवनारवरून मानखुर्दकडे जाते, तेव्हा वाटेत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र लागते. विज्ञान भवन आणि हे केंद्र या दोघांच्याही पत्त्यात एकाच रस्त्याचे नाव आहे : वि. ना. पुरव मार्ग, म्हणजे आपला जुना शीव-ट्रॉम्बे रस्ता. या रस्त्याने मी चाळीस वर्षे ये-जा करतो आहे. जुन्या संस्थांचे अहवाल आणि स्मरणिका रद्दीतून गोळा करण्याचा मला नाद आहे. या संस्थांची कागदपत्रे माझ्या कपाटात होती. तरीही माझ्या शेजारणीने क्लास विचारला तेव्हा मी आधी त्या काचेच्या दाराशी गेलो.

असे का झाले, हा या लेखाचा प्रश्न आहे. एवढ्या मोठ्या शहरात शाळकरी मुलांसाठी विज्ञानाच्या सोयी उभ्या राहिल्या. त्या कोणी, कशासाठी उभ्या केल्या आणि त्या शेजारच्या घरापर्यंत का पोचल्या नाहीत?

जुनी मुळे

वर्गाबाहेर विज्ञान शिकवण्याची कल्पना मुंबईला नवी नाही. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले. त्यात विज्ञान, भूगोल, इतिहास अशा विषयांवरचे लेख मराठीत येत. हेच बाळशास्त्री कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. १८४६ मध्ये ते अकाली गेले. त्यानंतर दोन वर्षांनी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. दादाभाई नौरोजी त्या मंडळींपैकीच. सोसायटीने देशी भाषांसाठी ज्ञानप्रसारक सभा काढल्या, एक मराठी आणि एक गुजराती. तिथे निबंध वाचले जात. मराठी सभेतून १८५० पासून 'मराठी ज्ञानप्रसारक' हे मासिक निघू लागले.

या मंडळींचा एक विचार मला महत्त्वाचा वाटतो. विज्ञान त्यांना इंग्रजीतून मिळाले होते, पण ते इंग्रजीतच ठेवावे असे त्यांना वाटले नाही. आणि ते मुलग्यांपुरतेही ठेवावे असे वाटले नाही. याच सोसायटीने १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. त्यातल्या एका शाळेसाठी जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट यांनी जागा दिली. अध्यापन करणारी तरुण मंडळी आपला वेळ काढून विनामूल्य शिकवत. नानांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून ते इथे लक्षात ठेवावे.

पुढे १८७२ मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत वस्तुसंग्रहालयाची इमारत लोकांसाठी खुली झाली. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणून ओळखले जाते. आम्हा गिरणगावातल्या मुलांचे पहिले 'म्युझियम' तेच. आईवडिलांच्या दृष्टीने ती सहल होती. तिथे काही शिकायचे असते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. सोय असणे आणि ती आपल्यासाठी आहे हे कळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याचा तो मला आलेला पहिला अनुभव.

महापालिकेच्या वर्गात शास्त्रज्ञ

आधुनिक गोष्ट सुरू होते ती १९६० च्या दशकात. २४ जानेवारी १९६६ रोजी होमी भाभा विमान अपघातात गेले. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, २४ एप्रिलला, मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तारखांचा हा योगायोग आहे, पण काळ एकच आहे. अणुशक्ती, अवकाश, धरणे यांची भाषा देश बोलत होता. ती सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळावी असे काही लोकांना वाटू लागले होते. डॉ. रा. वि. साठे परिषदेचे पहिले अध्यक्ष आणि म. ना. गोगटे हे संस्थापकांतले प्रमुख कार्यकर्ते. एक डॉक्टर आणि एक अभियंता. साहित्य संमेलनासारखे विज्ञानाचे संमेलन, व्याख्याने, विज्ञानकथांच्या स्पर्धा, मासिक पत्रिका आणि गावोगावच्या शाखा असे तिचे रूप होत गेले.

याच सुमारास कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत वेगळे काही घडत होते. भा. मा. उदगावकर, यश पाल, वि. गो. कुलकर्णी यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या विज्ञान शिक्षणात लक्ष घालू लागले. मूलकणांवर आणि विश्वकिरणांवर काम करणारी ही माणसे. एक चंबू, एक मेणबत्ती, दोऱ्याला बांधलेला दगड यांतून सहावी-सातवीतल्या मुलाला काय कळू शकते हे त्यांना पाहायचे होते. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालत. तिथली मुले गिरणी कामगारांची, हमालांची, फेरीवाल्यांची. शहरातल्या नामवंत इंग्रजी शाळा हाताशी असताना या शास्त्रज्ञांनी ही मुले निवडली, ही गोष्ट जुन्या कागदांत वाचताना मी दर वेळी थांबतो.

मुंबईतला हा अनुभव दूरवर गेला. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात, सहावी ते आठवीच्या १६ शाळांत, प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. तो चालवणाऱ्या 'किशोर भारती'चे अनिल सद्गोपाल हे टाटा संस्थेतले संशोधक. नोकरी सोडून ते खेड्यात गेले होते. तिथल्या शिक्षकांना तयार करायला टाटा संस्थेतले शास्त्रज्ञही जात. पुढे १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था निघाली आणि तिने तो कार्यक्रम २००२ पर्यंत चालवला. होशंगाबादचे नाव शिक्षणाच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक असते. त्याची एक पूर्वतयारी मुंबईच्या महापालिका शाळांत झाली होती, हे मात्र मुंबईकरांना क्वचितच ठाऊक असते.

या कामाला कायमचे घर मिळाले ते १९७४ मध्ये. सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने टाटा संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. वि. गो. कुलकर्णी त्याचे प्रमुख झाले. केंद्राची सुरुवातीची जागा कोणती? नाना चौकातल्या महापालिका शाळेची इमारत. ज्या नानांनी सव्वाशे वर्षांपूर्वी मुलींच्या शाळेला जागा दिली, त्यांच्याच नावाच्या चौकात विज्ञान शिक्षणावर संशोधन करणारी देशातली ही संस्था शाळकरी मुलांच्या गलबल्यात कामाला लागली. मानखुर्दची प्रशस्त वास्तू १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची.

भाषेची भिंत

केंद्राच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक मुंबईबाहेरचे होते. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मराठी माध्यमाच्या ग्रामीण शाळांत विज्ञान शिक्षण सुधारण्याचा प्रकल्प त्यांनी चालवला. तिथे कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की अडचण प्रयोगाच्या साहित्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, भाषेची आहे. पाठ्यपुस्तक मराठीत होते, पण ती मराठी मुलांची नव्हती. संस्कृतप्रचुर संज्ञा, लांबलचक वाक्ये, कर्मणी प्रयोग. आशय तोच ठेवून पाठांची भाषा सोपी केली, तेव्हा मुलांचे आकलन सुधारले.

मी व्यवसायाने मुद्रितशोधक. शाळेची पुस्तके मीही तपासली आहेत. 'वक्रनलिका' या शब्दातला ऱ्हस्व-दीर्घ मी अनेकदा पाहिला असेल. तो शब्द वाचणाऱ्या मुलाच्या घरी नळी आणि पिंप रोज असते, आणि शब्द व पिंप यांची गाठ पुस्तक कुठेच घालून देत नाही, हे मला कधी खटकले नाही. परिभाषा नको असे माझे म्हणणे नाही. तिच्याशिवाय विज्ञान पुढे सरकत नाही. पण ती नंतर यावी. आधी पिंप, मग शब्द.

दुसरे काम मुंबईतले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांमधून काही मुले निवडली आणि माध्यमिक शाळेच्या वर्षांत त्यांना शाळेबाहेर मार्गदर्शन दिले. वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांनी १९८५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. वंचितांमधील गुणवत्तेचा शोध आणि जोपासना, असा त्याचा विषय. ही मुले प्रश्न विचारायला बिचकत. वाचलेले स्वतःच्या शब्दांत मांडणे त्यांना जमत नसे. त्यांच्या घरी अभ्यासाला कोपरा नसे. त्यांना बोलते केले, भाषेवर मेहनत घेतली, हाताने प्रयोग करू दिले आणि दहावीच्या परीक्षेत त्यांचे यश लक्षणीय वाढले. निष्कर्ष साधा होता, तरी पचायला अवघड. गुणवत्ता झोपडपट्टीत कमी नसते. तिच्यावरची माती बाजूला करायला कोणी येत नाही, एवढेच.

त्या विषयात दोन शब्द आहेत, शोध आणि जोपासना. पुढचा सगळा इतिहास या दोन शब्दांच्या ताटातुटीचा आहे, असे मला वाटते.

१९७७ ते १९८६

या दहा वर्षांत मुंबईने शाळकरी मुलांसाठी जेवढे केले तेवढे आधी केले नव्हते. ३ मार्च १९७७ रोजी वरळीला नेहरू तारांगण सुरू झाले. त्याच वर्षी जवळच नेहरू विज्ञान केंद्राच्या जागेत प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचे प्रदर्शन मांडले गेले. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष. त्या वर्षी तिथे मुलांचे विज्ञान उद्यान खुले झाले. झोके, कप्प्या, तरफा सगळे हाताळायचे, 'हात लावू नये' ही पाटी नाही. ११ नोव्हेंबर १९८५ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते संपूर्ण केंद्राचे उद्घाटन झाले.

१९८१ मध्ये बृहन्मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकांनी आपल्या वेळातून उभारलेली ही स्पर्धा. सहावी आणि नववीच्या मुलांसाठी. आधी लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, मग प्रकल्प आणि मुलाखत. पाठांतराच्या परीक्षांना कंटाळलेल्या शिक्षकांनी मुलाच्या हाताला आणि डोक्याला एकत्र तपासायची ही युक्ती काढली, आणि ती मराठी व इंग्रजी दोन्ही माध्यमांसाठी ठेवली.

इथे माझी स्वतःची गोष्ट येते. जून १९८२ मध्ये मी सहावीत गेलो. आम्ही लालबागला राहत होतो, वडील गिरणीत. १८ जानेवारीला संप सुरू झाला होता. वर्गात बाईंनी या स्पर्धेचे नाव सांगितले आणि चार मुलांची नावे घेतली. त्यांत माझे नाव होते. फी फार नव्हती. पण त्या वर्षी आमच्या घरात 'फार नाही' अशी रक्कमच नव्हती. वडील म्हणाले, "पुढच्या वर्षी भरू." बाईंना हे सांगितले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, बोलल्या काही नाहीत. पुढच्या वर्षी मी सातवीत होतो. सहावी एकदाच येते.

नववीत गेलो तेव्हा खोली विकून आम्ही गोवंडीला आलो होतो आणि शाळा सुटल्यावर मी एका छापखान्यात खिळे जुळवायला जात होतो. तो हिवाळा हॅलेच्या धूमकेतूचा. फेब्रुवारी १९८६ मध्ये तो सूर्याच्या सर्वात जवळून गेला. शहरात ठिकठिकाणी लोक दुर्बिणी घेऊन जमत होते. त्याच लाटेतून खगोल मंडळासारखे गट उभे राहिले. पगारी माणूस एकही नाही. सगळे नोकरी-धंदा सांभाळून येणारे. पुढे वांगणीच्या अंधारात रात्ररात्र जागून त्यांनी हजारो लोकांना आकाश दाखवले. मला त्यांतले तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. मी धूमकेतू पाहिला तो छापखान्यात, वर्तमानपत्राच्या मथळ्यात. त्याचे खिळे मीच जुळवले होते.

ही रडकथा म्हणून लिहीत नाही. त्या दशकात मुंबईत एवढे घडत होते आणि ते माझ्यापासून दोन-चार मैलांवर होते. अडथळा अंतराचा नव्हता. फी, वेळ आणि कोणीतरी येऊन सांगणे, या तीन गोष्टी कमी पडल्या.

शोध उरला, जोपासना मागे पडली

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये भारताचा संघ प्रथमच उतरला. १९९६ मध्ये ते ऑलिम्पियाड मुंबईतच भरले. १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ऑलिम्पियाडमध्ये भारत गेला, मग रसायन आणि जीवशास्त्रातही. या सगळ्यांचे राष्ट्रीय केंद्र मानखुर्दला, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात. देशभरातून निवडलेली तल्लख मुले तिथल्या शिबिरांना येतात आणि पदके घेऊन परततात. हे काम मोठे आहे, त्याचा अभिमान वाटावा असेच आहे. केंद्राने शिक्षणाविषयीचे संशोधन आणि मराठीतली पुस्तकेही थांबवलेली नाहीत. पण शहराच्या मनात त्या नावाचा अर्थ हळूहळू बदलला. पूर्वी 'होमी भाभा' म्हटले की महापालिकेच्या शाळेत प्रयोग दाखवायला आलेले शास्त्रज्ञ आठवणारे शिक्षक होते. आज पालकांना आठवते ती परीक्षा.

बालवैज्ञानिक स्पर्धेचेही तसेच झाले. स्पर्धेचे स्वरूप आजही चांगले आहे. प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. पण तिच्याभोवती तयारीच्या वर्गांची, सराव प्रश्नसंचांची आणि मार्गदर्शकांची एक बाजारपेठ उभी राहिली. कृती तपासण्यासाठी काढलेल्या परीक्षेची तयारी घोकंपट्टीने होऊ लागली. त्यात शिक्षकांचा दोष कमी आणि आपला, पालकांचा, अधिक. जिथे निवड असते तिथे शिकवणी येते आणि जिथे शिकवणी येते तिथे फी येते. फी आली की पुढची निवड परीक्षेच्या आधीच होऊन जाते.

सरकारी बाजूने २०१६ पासून अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांत टिंकरिंग लॅब निघाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने काही घडवावे म्हणून निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. कल्पना उत्तम. पण शाळेला अर्ज करावा लागतो, जागा दाखवावी लागते आणि लॅब आल्यावर ती उघडी ठेवणारा शिक्षक लागतो. इथेही तोच क्रम, आधी निवड आणि मग, जमले तर, जोपासना.

कुलकर्णी-आगरकरांच्या अहवालाचा विषय पुन्हा आठवावा. त्यांनीही मुले निवडली होती. पण निवडून झाल्यावर ते वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर बसले. निवड ही त्यांच्या कामाची पहिली पायरी होती. आज ती बक्षीस समारंभाची पायरी झाली आहे. आपण मुलांना शोधतो, त्यांचे फोटो काढतो आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना शोधायला लागतो.

पुन्हा त्या रस्त्यावर

२००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातल्या २४ प्रभागांची तुलना होती. त्यात सर्वात तळाला एम-पूर्व प्रभाग होता. गोवंडी, देवनार, मानखुर्द हा आमचा भाग. १९२७ पासून शहराचा कचरा इथे येतो. आणि याच प्रभागात, याच रस्त्यावर, देशातल्या विज्ञान शिक्षणाचे सर्वात जाणते केंद्र आहे, त्यापलीकडे अणुशक्तीनगर आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. भारतातले सर्वात अवघड भौतिकशास्त्र आणि मुंबईतली सर्वात अवघड शाळकरी आयुष्ये एकाच बसच्या मार्गावर आहेत. दोष कुठल्या एका संस्थेचा नाही. संशोधन केंद्राने घरोघर फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही. पण १८४८ ची तरुण मंडळी आणि १९६० च्या दशकातले शास्त्रज्ञ मुलांकडे चालत गेले होते. आज मुलांनी संस्थेकडे चालत यावे अशी रचना आहे. मधले अंतर कोणी कापायचे, एवढाच प्रश्न आहे. माझ्यासारख्या, ज्याच्या कपाटात या संस्थांची कागदपत्रे आहेत आणि ज्याच्या शेजारी प्रश्न विचारणारी मुलगी आहे, त्याने तरी तो दुसऱ्यावर ढकलू नये.

म्हणून मी थोडे केले, ते सांगतो. त्या मुलीला आणि चाळीतल्या आणखी तिघांना घेऊन एका रविवारी वरळीच्या विज्ञान केंद्रात गेलो. बाहेर पडताना ती म्हणाली, "काका, इथे कोणी ओरडत नाही." दुसऱ्या रविवारी गॅलरीत दोन बादल्या आणि नळी घेऊन बसलो. या वेळी मी नाव सांगितले नाही. नळीचे बाहेरचे टोक हळूहळू वर उचलायला सांगितले. टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीला आले तसे पाणी थांबले. खाली नेले, पुन्हा वाहू लागले. तिने ते सहा वेळा केले. मग म्हणाली, "म्हणजे कोणी चढवत नाही. बाहेरचं पाणी खाली पडतं आणि आतल्याला ओढून नेतं." हे उत्तर पूर्ण नाही. हवेच्या दाबाची गोष्ट अजून बाकी आहे, ती पुढे येईल. पण हे उत्तर तिचे होते. त्यानंतर मी तिला म्हणालो, "याला वक्रनलिका म्हणतात." तिने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि शेजारी पिंपाचे चित्र काढले.

रविवारची ही बैठक चालू आहे. कधी चार मुले येतात, कधी नऊ. परीक्षा नाही, फी नाही. मुंबईच्या प्रत्येक चाळीत, प्रत्येक सोसायटीत एखादा निवृत्त शिक्षक, अभियंता, प्रयोगशाळा सहायक असतोच. विज्ञान भवनात कोणती व्याख्याने आहेत, तारांगणात काय चालू आहे, स्पर्धेचे फॉर्म शाळेत कधी येतात, हे शेजारच्या घरात जाऊन सांगायला पदवी लागत नाही. माझ्याकडे ती आहे, तीही बाहेरून परीक्षा देऊन घेतलेली आणि विज्ञानाची नव्हे.

जुलैमध्ये तिच्या शाळेत बालवैज्ञानिक स्पर्धेचा फॉर्म आला. तिची आई संध्याकाळी पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "भाऊ, पुढच्या वर्षी भरला तर चालेल का?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. सहावी एकदाच येते." आणि आम्ही तिघांनी बसून फॉर्म भरला. भाषेच्या रकान्यात तिने स्वतःच्या अक्षरात 'मराठी' लिहिले. वेलांटी दुसरी होती. मी तपासली.